हौदाकाठचा कोबा

जरबाईंची काठी कोब्यात दोन बोटं रुतली आणि काठीवर भार टाकून उभ्या असलेल्या जरबाई एका कुशीवर कलंडल्या. घडलं ते एवढंच. पोहण्याच्या हौदात अजून पाणी सोडलेलं नव्हतं, आणि जरबाई हौदाकडे न पडता बागेकडे पडल्या, म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. सगुणाबाई धावली, माळी धावला, व्हरांड्यातून एदलजी शेठ 'अरे पकडा, पकडा' करत चहाचा कप हातात घेऊनच धावले. धावला नाही तो फक्त रहेमान मिस्त्री, ज्याने तो कोबा घातला होता तो. त्याची नजर काठीवर खिळली होती. जरबाई पडल्या, पण काठी पडली नव्हती. ती कोब्यात ताठ उभी होती, आणि कोबा पाच दिवसांचा होता. पाच दिवसांच्या सिमेंटवरून कॅम्पातली तोफ ओढून नेली तरी ओरखडा उठायचा नाही, असं गोण्या विकणाऱ्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मिस्त्रीने पुढे होऊन काठी उपटली. निघताना बारीकसा ओला आवाज झाला, चिखलातून पाय काढल्यासारखा. चाळीस वर्षांत त्याच्या कुठल्याही कामातून असा आवाज आला नव्हता. देवळालीची हवा, फेब्रुवारीतली सकाळ, झाडांखाली अजून गारवा, आणि त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते.

हे काम त्याच्याकडे आलं होतं तेच मुळी जरबाईंमुळे. जरबाई एदलजी शेठची थोरली बहीण. लहानपणच्या एका तापात डावा पाय गेला तो गेलाच. गेला म्हणजे होता, पण नावापुरता. पंचेचाळिशीत मुंबईच्या कुणा डॉक्टरने सांगितलं की रोज तासभर पाण्यात चालत जा, पायात जोर येईल. बहिणीचा शब्द खाली पडू न देणारा भाऊ. त्याने बंगल्यामागे थेट हौदच खोदवला. हौद मुंबईच्या कंपनीने बांधला, आतून निळ्या काचेसारख्या लाद्या लावल्या आणि त्याच्या चहूबाजूंनी काँक्रीट घालायचं तेवढं बाकी ठेवलं. तेव्हा जरबाई अडून बसल्या. "कोबा आपल्या नाशिकचाच माणूस घालील. मी तापातून उठल्यावर बाबांच्या बंगल्यात ज्या कोब्यावर पुन्हा चालायला शिकले, तो कासम मिस्त्रीने घातला होता. त्याचा मुलगा आहे ना?" मुलगा होता. अठ्ठावन्न वर्षांचा, काझीपुऱ्यात राहणारा, दाढीला मेंदी लावणारा मुलगा. जानेवारीत तो आला तेव्हा जरबाईंनी काठीच्या टोकाने मातीत रेघा ओढून त्याला सगळा बेत समजावून सांगितला होता. व्हरांड्याच्या शेवटच्या पायरीपासून पाण्यापर्यंत उंचसखल कुठे नको. हौदाच्या चारी अंगांना सहा-सहा फूट रुंदी. उतार हौदाकडून बागेकडे, इतका हलका की पाण्याला कळावा पण पायाला कळू नये. आणि कठडा नको. शेठ म्हणाले, कठडा तर पाहिजेच. जरबाई म्हणाल्या, "एदल, घरात मला धरायला ठायी ठायी काहीतरी आहे. खुर्च्या आहेत, भिंती आहेत, तुम्ही सगळे आहात. इथे मला धरायला काही नको. इथे मी एकटी येईन." मिस्त्री खुंट्या ठोकत होता, दोऱ्या ताणत होता, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येण्याची वाट पाहत होता, आणि ऐकत होता. त्याच्या मनात आलं, आजवर आपण बैठकीच्या खोल्या घातल्या, गच्च्या घातल्या, मशिदीचं अंगण घातलं. एका माणसाच्या एका पायासाठी काम कधी केलं नाही. हे काम करायचंच, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. शेठने विचारलं, "मिस्त्री, तू सिमेंट कधी वापरला?" तेव्हा तो हसून म्हणाला होता, "चाळीस वर्षं चुना मळलाय शेठ. सिमेंट म्हणजे काय, विलायती चुनाच की!"

आता काठी हातात धरून उभं असताना ते हसणं त्याला आठवलं आणि आपल्याच थोबाडीत मारावी असं वाटलं. पण काठी रुतण्याचं कारण त्याला अजून कळलेलं नव्हतं. कळलं ते सगुणाबाईमुळे, आणि तिला तर पत्ताही नव्हता. सगुणाबाई म्हणजे कोबा ठोकणाऱ्या बायकांची म्होरकी. चुन्याचा कोबा घालायचा म्हणजे दहा-बारा बायका ओळीने उकिडव्या बसून लाकडी थाप्यांनी तो दोन-दोन दिवस ठोकणार, आणि ताल धरणार सगुणाबाई. सिमेंटला ठोकणं लागत नाही हे कळल्यापासून ती फुरंगटलेलीच होती. जरबाईंना खुर्चीत बसवून ती परत आली आणि कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप बघून म्हणाली, "मिस्तरी, ह्या पिंपाला मुंग्या लय लागल्यात बघा. निसती रांग हाय." मिस्त्रीने पाहिलं. पिंपाच्या काठाशी, जिथे पाण्याची रेघ सुकली होती तिथे, काळ्या मुंग्या एकीमागून एक चढत होत्या. त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं, ते चिकट लागलं. त्याच क्षणी शेठ व्हरांड्यातून ओरडत होते, "सिमेंटच सडेलं! गोण्यांना ओल लागली असणार. हा दुकानवाला चोर आहे, त्याला मी नोटीस पाठवतो. आणि कंपनीला आजच तार. शुक्रवारी तिचा माणूस येईल, तो करेल काय ते. मिस्त्री, तुझा काही दोष नाय." तुझा काही दोष नाही. मिस्त्रीने मान खाली घातली. त्याने बादलीभर पाणी घेऊन पिंपाचा काठ धुतला, मुंग्या वाहून गेल्या, आणि आपण काय धुतोय हे कुणी विचारू नये म्हणून तो पाठ करून उभा राहिला.

पिंपात गूळ होता. म्हणजे पाच दिवसांपूर्वी होता. सिमेंटची पहिली गोणी फोडली तेव्हा मिस्त्रीने सवयीने चिमूटभर जिभेवर ठेवली होती, आणि जिभेला काहीच सांगता आलं नव्हतं. चुना जिभेला चावतो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फुसफुसतो, उकळतो, वाफा सोडतो. त्याच्याजवळ उभं राहिलं की घरात कुणीतरी रागावून बसलंय असं वाटतं. ही राखाडी पूड मात्र मुकी होती. ना वास, ना चव, ना राग. त्याला तिची दया आली. अशा अशक्त मालाला आधार दिला पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि आधार म्हणजे त्याच्या हाताला एकच माहीत होता. काझीपुऱ्याच्या अंगणात अब्बांचा एक मोठा रांजण असायचा. त्यात गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर आठ-आठ दिवस भिजत पडलेला. उन्हं चढली की अंगणभर आंबूस-गोड वास सुटायचा, आणि छोटा रहेमान कुणी बघत नाही असं पाहून बोट बुडवायचा. गोडाआधी हिरड्याचा तुरटपणा जिभेला लागायचा, मग गोडी. एकदा अब्बांनी पकडलं. हातावर चापट दिली आणि मग स्वतःच हसत सुटले, "कोब्याच्या वाटणीचं खातोस काय रे?" गुळाचं पाणी सगळेच चुनेवाले घालायचे, पण किती घालायचं ते अब्बांच्या बोटांना ठाऊक होतं, आणि अब्बांच्या बोटांनी ते रहेमानच्या बोटांना दिलं होतं. त्या पाण्याने चुना दगडाहून दगड व्हायचा. जरबाई ज्याच्यावर पुन्हा चालायला शिकल्या, त्या कोब्यातही ते होतं. म्हणून गेल्या मंगळवारी सकाळी, बंगल्यात सगळे झोपेत असताना, त्याने पिंपात गुळाची अख्खी ढेप कुस्करली. बघणारी एकटी सगुणाबाई. "मिस्तरी, शिमिटात गूळ?" "ताकद येते," तो म्हणाला होता, "तू वाळू चाळ."

नाशिकला परतताना टांग्यात त्याच्या मांडीवर फडक्याची एक पुरचुंडी होती. उघड्या गोणीतलं ओंजळभर सिमेंट त्याने निघताना बांधून घेतलं होतं. दूर कुठेतरी तोफांचा सराव चालू होता. प्रत्येक आवाजाला घोडा कान मागे टाकायचा आणि टांगेवाला त्याला एक शिवी द्यायचा. मिस्त्री स्वतःशीच भांडत होता. गूळ वाईट कसा असेल? बाळाच्या जिभेला पहिलं बोट लावतात ते गोडाचंच. दुकानदाराने ओला माल दिला असेल, देतात लोक. शेठने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, तुझा दोष नाही. झालं तर मग. पण त्या मुंग्या काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात. घरी येऊन त्याने कपाटातून पितळेच्या दोन वाट्या काढल्या, तशी जैतुनबी आतून म्हणाली, "सिताराचे अब्बा, माझ्या वाट्या कुठं चालल्या?"

"काम आहे."

"वाट्यांत कसलं आलंय काम? उद्या पोरगी जावयाला घेऊन आली तर खीर काय ओंजळीत वाढू?"

"तीन दिवस दे. मग नव्या आणून देतो."

"नव्या कशाला? ह्या काय पळून चालल्यात?" असं म्हणत ती बाहेर आली आणि नवऱ्याचा चेहरा पाहून तिने वाट्यांचा विषय सोडला. त्याने अंगणात बसून दोन्ही वाट्यांत सिमेंट आणि वाळू सारखीच मोजून घातली. एकीत साधं पाणी. दुसरीत गुळाचं, अब्बांच्या मापाचं. दोन्ही बोटाने ढवळल्या, ओल्या फडक्याखाली ठेवल्या, आणि कुठली कुठली ते चुकू नये म्हणून गुळाच्या वाटीखाली एक चिंचोका सारला. जैतुनबी दारात उभी राहून सगळं बघत होती. "अब्बाजींचं पाणी," ती हळूच म्हणाली. ती त्याच अंगणात सून म्हणून आली होती; तो रांजण तिनेही पन्नासदा विसळला होता.

पुढचे तीन दिवस तो कुठे गेला नाही. गाठीभेटीला आलेल्यांना सांगितलं, कंबर धरलीय. दिवसातून दहादा तो फडकं उचलायला जायचा आणि अर्ध्यातून परत फिरायचा. साधी वाटी फुटावी, भुसभुशीत निघावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती फुटली की सिमेंट खोटं, दुकानदार खोटा, अब्बा खरे. एवढा साधा हिशोब. पण त्या इच्छेच्या पाठीमागे आणखी कुणीतरी उभं होतं, त्याच्याच वयाचं, त्याच्याच मेंदीच्या दाढीचं, आणि ते म्हणत होतं, नीट बघ हां मिस्त्री, खरं काय ते कळू दे. हे दुसरं माणूस आपल्यात कधीपासून राहतंय हे त्याला माहीत नव्हतं. बुधवारी फजरची नमाज पढून तो अंगणात आला, खिळा घेतला आणि फडकं काढलं. साध्या वाटीवर खिळा टेकवून रेटला. खिळा निसटला, ओरखडाही उठला नाही. वाटी उपडी करून गोळा काढला आणि उंबऱ्याच्या दगडावर आपटला. टण्णकन आवाज आला, घंटेवर पडावा तसा. मग चिंचोक्याची वाटी. खिळा आत शिरला. शिरला तो सरळ तळापर्यंत, आणि बोटाला लागला ओलसर, थंडगार गाळ. मिस्त्री तिथेच मांडी घालून बसला. आणि त्याला आनंद झाला. असा आनंद की छाती भरून आली. तीन दिवस डोकं खाणारी गोष्ट हातात आली होती, खिळ्याच्या टोकावर बसली होती, आणि ती त्याला कुणी सांगितली नव्हती. त्याने स्वतः काढली होती. आनंद झाला म्हणून लगेच लाज वाटली, कारण आत कुठेतरी अब्बा होते. त्यांना तो मनातल्या मनात म्हणाला, तुम्ही नाही चुकलात. तुम्ही सिमेंट पाहिलंच कुठे? तुमचं पाणी चुन्याचं होतं. मीच घरात आलेल्या नव्या सुनेला आधीच्या सुनेच्या नावाने हाका मारत बसलो, आणि ती ओ देत नाही म्हणून तिलाच बहिरी ठरवली.

सर्व्हिस मोटारीत खिडकीजवळ बसून तो देवळालीला निघाला, तेव्हा दोन्ही वाट्या फडक्यात होत्या आणि मनात एकच प्रश्न होता. तो सोपा होता, आणि म्हणूनच छळत होता. सांगायचं कशासाठी? कुणालाच माहीत नव्हतं. सगुणाबाई बोलणार नव्हती. गप्प राहिलं तर तो निर्दोष घरी जात होता, शेठच्याच तोंडून निर्दोष. दुकानदाराला नोटीस गेली असती, हे खरं. त्या माणसाचा काही अपराध नव्हता आणि हा विचार मिस्त्रीला खुपत होताच. पण त्याहून जास्त खुपत होतं दुसरंच. गप्प राहिलो तर हे कळलेलं कुठे ठेवायचं? उद्या कुणी विचारलं, मिस्त्री, सिमेंटचं काम जमेल का, तर म्हणावं लागेल, नाही बाबा, सिमेंट सडकं असतं, एकदा फसलो. न शिकल्याचं सोंग जन्मभर करावं लागेल. आणि जरबाई कंपनीच्या कोब्यावरून चालतील. चालतील आपल्या, छान चालतील. पण तो त्याच्या हातचा नसेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी गोष्ट शिकलेला माणूस ती शिकल्याबद्दलच तोंड लपवत फिरणार, ही कल्पना त्याला सहन होईना. मोटार नाशिकरोडचं फाटक ओलांडून गेली तेव्हा त्याचा जीव एकदम हलका झाला. मूर्ख म्हणोत. मूर्ख म्हणून घेऊन काम मिळत असेल तर सौदा वाईट नाही, असं म्हणून त्याने शेजारच्या माणसाला उगीचच विडी देऊ केली.

जरबाई व्हरांड्यात बसल्या होत्या, कोपराला पट्टी. शेठ वर्तमानपत्र वाचत होते. मिस्त्रीने टेबलावर दोन गोळे ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ढेप किती होती तेही सांगितलं. शेठचं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"गूळ?" ते म्हणाले. "माझ्या सिमेंटमंदी गूळ? तुला काय लाडू करायचे होते?"

जरबाईंनी तोंडाला रुमाल लावला. खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि मिस्त्री मान खाली घालून उभा होता. मग त्यांनी रुमाल बाजूला ठेवला, एकेक गोळा उचलला, कडक गोळा टेबलावर ठोकून पाहिला, मऊ गोळ्यात नख घालून पाहिलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, बाई. वाट्यांनी सांगितलं."

"आणि तुम्ही हे आम्हाला सांगितलं नसतं तर?"

"तर त्या दुकानदाराचं नाव खराब झालं असतं."

"तुमचं काय झालं असतं?"

मिस्त्रीने जरा विचार केला. "माझं काही झालं नसतं, बाई. तेच वाईट होतं."

जरबाई भावाकडे वळल्या. "एदल, कंपनीचा माणूस शुक्रवारी येऊन काय करील?"

"फोडेल आणि नवं घालेल, दुसरं काय?"

"का बिघडलं ते त्याला ठाऊक नाही. यांना आहे. मग ज्याला ठाऊक आहे तोच घालील." शेठ उठले, दोन फेऱ्या मारल्या, गुजरातीत काहीतरी पुटपुटले, आणि शेवटी मिस्त्रीपुढे येऊन म्हणाले, "दहा दिवस. एक बाजू. ती जमली तर चारी तुझ्या, नाय तर कंपनी. आणि गुळाचा खडा जरी इथे दिसला ना मिस्त्री, तर तुला त्या हौदात उभा करीन." दुपारी दुकानदाराला लिहिलेली नोटीस त्यांनी स्वतःच फाडली.

बिघडलेला कोबा मिस्त्रीने स्वतःच्या हाताने फोडला. मग काम सुरू झालं, आणि त्या दहा दिवसांत तो जे जगला ते आधीच्या कित्येक वर्षांत जगला नव्हता. चुना वाट बघतो. आज मळा, उद्या मळा, परवा ठोका. सिमेंटला थांबणं माहीतच नाही. पाणी पडलं की ते निघालंच. दारणेच्या पात्रातली वाळू धुऊन, चाळून तयार, खडी धुतलेली, लाकडी फळ्यांनी पाडलेले खण, एक भरायचा, एक सोडायचा, म्हणजे उन्हाने फुगायला जागा राहील, आणि मग घमेली हातोहात, पळत. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पोरासारखा ओरडत होता, "चला, चला, निघालं, निघालं!" पाण्याचं पिंप सगुणाबाईने तीनदा घासलं होतं आणि त्यातलं पाणी ती आल्या-गेल्याला ओंजळीने प्यायला लावत होती. "बघा, हाय का गोड? हाय का?" तिला काम नव्हतं म्हणून ती अशी जिभेला धार लावून बसली होती. "आन् आमी बायकांनी काय करायचं मिस्तरी? थाप्या ऱ्हायल्या घरी. टाळ्या वाजवू का?" मिस्त्री म्हणाला, "भिजवा. सात दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. एक कोपरा सुकला तर माझ्याशी गाठ आहे."

पहिला खण मात्र त्याने पुन्हा बिघडवलाच, आणि यावेळी गुळावाचून. वरचा थर ओढून झाला, आणि त्याचा हात थांबेना. घोटण्याचा गुळगुळीत गोटा त्याच्या पिशवीत होता. चुन्याचा कोबा घोटून घोटून असा करायचा की त्यात दिव्याची ज्योत दिसावी. अब्बांच्या कोब्यात बघून बायका कुंकू लावायच्या म्हणे. त्याने खण घोटला. संध्याकाळच्या उन्हात तो असा चमकला की मिस्त्रीला भरून आलं. सिमेंटसुद्धा आपल्या हाताला वश झालं! दुसऱ्या दिवशी सगुणाबाई पाण्याची घागर घेऊन त्यावर चढली, आणि तिचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. घागर फुटली, ती मात्र मिस्त्रीच्या खांद्याला लटकून वाचली. "आगं आई! मिस्तरी, हे काय केलंय? लोणी लावलंय का वरून?" आणि लगेच, श्वास घेत, "त्या बाईला चालायचंय ना हितनं? ओल्या पायानं?"

मिस्त्री खणाकडे बघत राहिला. आपण आजवर डोळ्यांसाठी कोबे घातले, हे त्याला तेव्हा कळलं. ज्यांचे डोळे ते बघत होते त्यांचे पाय धड होते. ओले तळपाय, त्यातला एक अर्धामेला, त्यांना या कोब्यात काय दिसणार? त्यांना धरायला काहीतरी हवं. कठडा नको म्हणाल्या त्या. पण धरायला नको असं पाय कुठे म्हणाला होता? कोब्यानेच धरलं पाहिजे, आणि तेही कुणाला न कळता. त्याला इतका उत्साह आला की त्याने त्याच जागी चपला काढल्या आणि छिन्नी मागवली. तो चकचकीत खण त्याने दिवसभर बसून ठिपक्या-ठिपक्यांनी टाचला. प्रत्येक ठोक्याला स्वतःचीच चमक उडत होती आणि त्याला वाईट वाटत नव्हतं. पुढच्या खणाला त्याने गोटा पिशवीतून काढलाच नाही. वरचा थर ओढला, हाताला आवरलं, आणि थर किंचित आवळल्यावर सगुणाबाईला हाक मारली. "ती शिंदीची केरसुणी आण. नवी. आता या टोकाकडून त्या टोकाला, एका दमात ओढ. थांबायचं नाही, परत फिरवायची नाही."

"झाडू?" ती म्हणाली. "ओल्या कोब्यावर?"

"ओढ."

तिने पदर खोचला, फळीवर तोल सावरत केरसुणी टेकवली, आणि ओढली. तीस वर्षं ताल धरलेला हात होता तो. कुठे दाबला नाही, कुठे सुटला नाही. मागे बारीक बारीक समांतर रेघा उमटत गेल्या. मिस्त्री वाकून त्या रेघा बघत होता. "बरं झालं का?" ती विचारती झाली. "सगळे खण तूच ओढायचे," तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या हाताने नको." सगुणाबाई त्या दिवसापासून फुरंगटायची थांबली आणि आपल्या बायकांना केरसुणीजवळ फिरकू देईना. तिसऱ्या दिवशी मिस्त्री त्या खणावर पाणी ओतून अनवाणी चालला. तळव्याला रेघा लागत होत्या, टोचत नव्हत्या. पाय टाकला की पाय तिथेच राहत होता. दहाव्या दिवशी शेठ हातोडी घेऊन आले, चार ठिकाणी ठोकलं, टणटण आवाज ऐकला, मग बूट-मोजे काढून ओल्या कोब्यावर पाय घासून पाहिले. "साला," ते म्हणाले, "कंपनीवाला तर मला गुळगुळीत देणार होता." आणि चारी बाजू मिस्त्रीच्या झाल्या.

जमशेदी नवरोजच्या सकाळी हौदात पाणी सोडलं. शेठने मिस्त्रीला आणि सगुणाबाईला बोलावणं पाठवलं होतं. मिस्त्री धुतलेला सदरा घालून आला, जैतुनबीने दाढीला मेंदी लावून दिली होती. जरबाई व्हरांड्यातून एकट्या आल्या. काठी त्यांनी खुर्चीला लावून ठेवली होती. हौदाच्या पायऱ्यांवरून त्या पाण्यात उतरल्या, अर्धा तास पाण्यात चालल्या, आणि मग वर आल्या. अंगावर भिजलेला लांब झगा, पायांवरून पाणी निथळतंय. शेठ पुढे झाले, तशी त्यांनी हाताने त्यांना थांबवलं. पहिलं पाऊल. उजवा पाय पडला, डावा थोडा घसटत आला आणि कोब्यावर टेकला, आणि टेकला तिथे राहिला. मिस्त्रीला दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त ते दोन तळपाय. तो कोब्याच्या कडेने, हिरवळीवरून, त्यांच्या बरोबरीने चालू लागला होता, केव्हा ते त्यालाही कळलं नाही. उजवा, डावा. ठिपक्यांच्या खणावरून पुढे रेघांवर. पाणी हलक्या उताराने बागेकडे वाहून चाललं होतं. पहिला कोपरा आला, त्या वळल्या. दुसरा कोपरा आला. मिस्त्रीचं सगळं अंग म्हणत होतं, बघा, बघा, हे माझं आहे, हे मी केलं, आणि तरी त्याचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते, पडणाऱ्या माणसाला झेलायला पसरावेत तसे.

जरबाईंनी त्याच्याकडे न बघताच, श्वास न चुकवता म्हटलं, "हात खाली घ्या, मिस्त्री."

त्याने हात खाली घेतले. त्यांचं काय करायचं ते कळेना, म्हणून पाठीमागे बांधले, आणि तो हिरवळीवर जागच्या जागी थांबला. जरबाई तिसऱ्या कोपऱ्यावरून वळून हौदाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, जिथे त्याचा हात पोचलाच नसता, आणि चालत राहिल्या.